व्हिक्टोरियाला रात्री आठ वाजता

सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचं वेळापत्रक वाचताना शेवटाकडच्या एका ओळीवर नजर अडखळते. केचिकान, जुनो, स्कॅगवे, एक दिवस हिमनदीसमोर, आणि मग परतीच्या आदल्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. जहाज धक्क्याला लागणार रात्री आठच्या सुमारास आणि मध्यरात्रीपर्यंत सुटणार. व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. शहर देखणं आहे, पण ज्या बुचार्ट गार्डन्ससाठी ते प्रसिद्ध आहे ती बाग वीसेक किलोमीटर दूर. ऑग्डेन पॉइंटच्या धक्क्यावर उतरायचं, बसच्या किंवा टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं, विधानभवनावरची हजारो दिव्यांची रोषणाई पाहायची आणि परत फिरायचं. आठवडाभराच्या सहलीत सर्वाधिक नाराजी ओढवून घेणाऱ्या थांब्यांपैकी हा एक.

हा थांबा प्रवाशांसाठी नसतोच. तो १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यासाठी असतो.

पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट या नावाच्या त्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपवायची असेल तर मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. देशी जहाजबांधणी आणि देशी खलाशी यांना संरक्षण मिळावं म्हणून केलेला हा कायदा. आज सिएटलहून सुटणारी मोठी क्रूझ जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. अमेरिकी ध्वजाखाली चालणारं या आकाराचं एकच जहाज आहे, ‘प्राइड ऑफ अमेरिका’, आणि ते हवाईत फिरतं. त्यामुळे अलास्काच्या प्रत्येक फेरीला कॅनडाचा शिक्का लागतो. नियम मोडला तर दंड माणशी नऊशे डॉलरहून अधिक. एखाद्याला जुनोलाच सहल सोडून विमानाने घरी जायचं असेल तरी परवानगी घ्यावी लागते, कारण सिएटलला चढून जुनोला कायमचं उतरणं म्हणजे दोन अमेरिकी बंदरांमधला प्रवास. तो दंड कंपनी त्या प्रवाशाकडूनच वसूल करते.

मराठी घरांना याचा चटका एका वेगळ्याच जागी बसतो. मुलगा किंवा मुलगी सिएटलला, कॅलिफोर्नियात नोकरीला. आई-वडील उन्हाळ्यात तीन महिने राहायला आलेले. सगळ्यांनी मिळून अलास्का करायचं ठरतं. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर असतो, म्हणून निर्धास्त असतात. पण भारतीय पासपोर्टवर व्हिक्टोरियाच्या त्या चार तासांसाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. ‘आम्ही उतरणारच नाही, जहाजातच बसून राहू’ हे उत्तर चालत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्या मुलालाही तो लागतो. सिएटलच्या धक्क्यावर कागद तपासणाऱ्या माणसाने कॅनडाचा व्हिसा मागितला आणि तो नसला, तर सामान घेऊन तिथूनच परत फिरावं लागतं. पैसे परत मिळत नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असं तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं.

कोविडच्या काळात कॅनडाने आपली बंदरं क्रूझला बंद केली तेव्हा अलास्काचा अख्खा हंगाम बुडण्याची वेळ आली. मे २०२१मध्ये अमेरिकी संसदेला खास कायदा करून व्हिक्टोरियाची अट तात्पुरती बाजूला ठेवावी लागली, आणि मगच त्या उन्हाळ्यात जहाजं निघाली. पुढच्या वर्षी अट परत आली, आणि व्हिक्टोरियाची रात्रही.

या एका ओळीत क्रूझच्या नाराजीचं मूळ दिसतं. प्रवासी वेळापत्रक वाचून गावं विकत घेतो. कंपनी विकते ती जहाजावरची खोली, जेवण आणि समुद्रावरचे सात दिवस. गावांची नावं जाहिरातीत ठळक असतात, कराराच्या अटींमध्ये ती बदलण्याचा पूर्ण हक्क कंपनीकडे असतो. बाकीची भांडणं, म्हणजे बंदर का चुकलं, वेळ का बदलली, अमक्याला आधी का उतरवलं, बहुतेक याच फटीतून येतात.

वेळा ठरतात कशा, हे पाहिलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने, सेमूर नॅरोज या चिंचोळ्या खिंडीतून जातात. भरती-ओहोटीच्या मध्यावर तिथला प्रवाह पंधरा नॉट्सपर्यंत पोहोचतो, म्हणजे पुष्कळ जहाजांच्या वेगाच्या जवळपास. पूर्वी या खिंडीच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता आणि त्याने अनेक जहाजं बुडवली होती. ५ एप्रिल १९५८ रोजी खडकाखाली बोगदा खणून, स्फोटकं भरून तो उडवण्यात आला. तो स्फोट अण्वस्त्रांशिवाय केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक होता. खडक गेला तरी प्रवाह तसाच आहे. पाणी थबकतं त्या थोड्या वेळातच मोठ्या जहाजांना खिंड ओलांडावी लागते आणि ती वेळ रोज पुढे सरकते. म्हणून परतीच्या वाटेवरच्या बंदरात जहाज एखाद्या फेरीला सकाळी सहाला लागून दुपारी एकलाच निघतं. नाश्ता करून खाली उतरेपर्यंत अर्धा वेळ गेलेला असतो. प्रवाशाला वाटतं कंपनीने कंजूषपणा केला. खरं तर ती वेळ चंद्राने ठरवलेली असते.

ग्लेशियर बेचं वेगळं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात आणि ते परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. परवाना नसलेल्या कंपनीची सहल ‘हिमनदीदर्शन’ म्हणून दुसऱ्या खाडीत जाते, आणि तिकीट काढताना दोन्हींतला फरक फार थोड्यांच्या लक्षात येतो. त्या दुसऱ्या खाड्यांचीही खात्री देता येत नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी ट्रेसी आर्म या खाडीत साउथ सॉयर हिमनदीजवळ कडा कोसळून प्रचंड लाट उसळली. ती घटना पहाटेची होती, म्हणून अनर्थ टळला. जून २०२२मध्ये हबर्ड हिमनदीजवळ ‘नॉर्वेजियन सन’ला पाण्यात तरंगणारा बर्फाचा तुकडा धडकला. जहाज जुनोला नेऊन तपासलं, सहल अर्ध्यावर सोडून कमी वेगाने सिएटलला आणलं, आणि त्यानंतरची फेरीही रद्द झाली.

गावांची बाजूही ऐकली पाहिजे. जुनो ही अलास्काची राजधानी, लोकवस्ती ३२ हजारांच्या आसपास, आणि बाहेरून तिथे जायला रस्ता नाही. विमान नाहीतर जहाज. २०२३च्या एका हंगामात या गावात सोळा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले. गावकऱ्यांनी विचारलं, की आमच्या पायवाटा, आमची रुग्णालयं, आमचं मोबाइल नेटवर्क यांचं काय? मग गाव आणि कंपन्यांमध्ये करार झाला: २०२४पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, २०२६पासून दिवसाला १६ हजार प्रवाशांची मर्यादा आणि शनिवारी १२ हजारांची. शनिवार पूर्णपणे जहाजमुक्त करावा असा प्रस्ताव ऑक्टोबर २०२४मध्ये मतदानाला आला, तो लोकांनी फेटाळला. गावाच्या पोटापाण्याचा प्रश्नही होताच. अलास्काच्या बाहेरही हेच चाललंय. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून २५ हजार टनांवरची जहाजं १ ऑगस्ट २०२१पासून बंद झाली; सान मार्को चौकासमोरून जाण्याचं जे दृश्य वर्षानुवर्षं विकलं गेलं, ते आता मोठ्या जहाजांवरून दिसत नाही. सँटोरिनीने दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली. ॲमस्टरडॅमने वर्षाच्या फेऱ्या १९०वरून १०० करायचं ठरवलं. दोन वर्षं आधी काढलेलं तिकीट आणि मध्येच बदललेला नियम, यांच्यात प्रवासी सापडतो.

आणि मग वारा. क्रूझ जहाज पाण्याखाली आठ-नऊ मीटर आणि पाण्यावर पन्नास-साठ मीटर उंच असतं. बाल्कन्यांची ती भिंत वाऱ्यात शिडासारखी वागते. जून २०१६मध्ये केचिकानला धक्क्याला लागताना वाऱ्याने ‘सेलिब्रिटी इन्फिनिटी’ला असं ढकललं की तिने धक्क्याचा एक भागच मोडला. नुकसान लाखो डॉलरचं होतं. त्यामुळे कप्तान ध्वनिक्षेपकावरून ‘आज आपण बंदरात जाऊ शकत नाही’ असं सांगतो तेव्हा बाहेर ऊन असलं तरी त्याला सहसा कारण असतं. डेकवर उभं राहून समोरचं गाव दिसतंय, मग अडचण काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. शेवटच्या पाचशे मीटरची अडचण डेकवरून दिसत नाही.

धक्काच नसलेल्या बंदरात हे आणखी बिकट होतं. सँटोरिनी, केमन बेटांचं जॉर्जटाउन अशा ठिकाणी जहाज दूर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी लोक किनाऱ्यावर जातात. सकाळी हॉलमध्ये क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. महागड्या सुइटमधले आधी, कंपनीची सहल घेतलेले त्यांच्यामागे, बाकीच्यांनी क्रमांकाची वाट पाहायची. आजोबांच्या हातात एकविसाव्या गटाची चिठ्ठी असते, पुकारा नवव्याचा चालू असतो, आणि किनाऱ्यावर ठरवलेली गाडी दहा वाजता येऊन थांबलेली असते. सँटोरिनीला उतरल्यावरही कड्यावरच्या गावात जायला केबल कार, खेचर किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. दुपारी पुन्हा तीच रांग, उलट दिशेने. केमनच्या लोकांनी एप्रिल २०२५मध्ये सार्वमतात क्रूझचा धक्का बांधायला नकार दिला, म्हणजे तिथली चिठ्ठीची रांग आता कायमची.

कंपन्यांनी या कटकटीवर स्वतःपुरता तोडगा काढलाय. बहामात रॉयल कॅरिबियनने कोकोके बेट घेऊन त्यावर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च केले. कार्निव्हलने जुलै २०२५मध्ये ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की हे स्वतःचं ठिकाण उघडलं. तिथे वेळ कंपनीची, दुकान कंपनीचं आणि खर्चलेला डॉलरही फिरून कंपनीकडेच येतो. लहान मुलांच्या कुटुंबांना ते सोयीचं असतं यात शंका नाही. पण दुसरा देश पाहायला निघालेल्या माणसाला तिथे दुसरा देश भेटत नाही.

बंदर चुकलं तर काय मिळतं? बहुतेक करारांनुसार फक्त त्या बंदराचा कर आणि शुल्क, म्हणजे काही डॉलर ते काही डझन डॉलर, आणि कंपनीची सहल घेतली असेल तर तिचे पैसे. बाहेरून ठरवलेल्या गाडीचे, आगाऊ काढलेल्या तिकिटांचे पैसे प्रवाशाच्या अंगावर. डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘एमएससी मेरॅव्हिग्लिया’चे प्रवासी फ्लोरिडा आणि बहामासाठी पोहण्याचे कपडे भरून आले होते. दक्षिणेकडे वादळ होतं, म्हणून जहाज वळलं उत्तरेला: बोस्टन, मेनमधलं पोर्टलंड आणि कॅनडातलं सेंट जॉन. ऐन डिसेंबरात लोक धक्क्यावर उतरून गरम कपडे विकत घेत होते. वादळात न जाण्याचा निर्णय योग्यच होता. त्यांचा राग होता तो शेवटच्या क्षणी कळण्यावर आणि ‘येता की राहता’ एवढाच पर्याय मिळण्यावर.

न्यायालयात जावं म्हटलं तर तिथेही तिकिटाची मागची बाजू आडवी येते. वॉशिंग्टन राज्यातलं शूट दांपत्य लॉस एंजेलिसहून ‘ट्रॉपिकाल’ या जहाजावर मेक्सिकोला निघालं होतं. जहाजाचं स्वयंपाकघर दाखवण्याच्या फेरीत श्रीमती शूट घसरून पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. कंपनीने तिकिटावरची ओळ दाखवली की सगळे दावे फ्लोरिडात. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाने दावा लावायला देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. आजही अमेरिकी कंपन्यांच्या बऱ्याच करारांमध्ये दाव्याची जागा मायामी असते, आणि दुखापतीच्या दाव्याला सहा महिन्यांत लेखी सूचना आणि वर्षाच्या आत दावा अशी मुदत असते.

युरोपात जलप्रवाशांच्या हक्कांचा नियम २०१२पासून लागू आहे. फेरीबोट उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ ते ५० टक्के भरपाईची त्यात तरतूद आहे, आणि क्रूझ प्रवाशांना नेमक्या त्याच कलमातून वगळलंय. अमेरिकेत फेब्रुवारी २०१३मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनघरात आग लागली, चार हजारांहून अधिक माणसं विजेविना, तुंबलेल्या संडासांसह मेक्सिकोच्या आखातात चार दिवस तरंगत राहिली आणि शेवटी जहाज ओढून अलाबामात मोबील बंदराला आणलं. देशभर गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची दहा कलमी सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, बिघाड किंवा आणीबाणीत वेळेवर माहिती, पर्यायी वीजपुरवठा असं त्यात आहे. हवामानामुळे चुकलेल्या बंदराबद्दल भरपाईचं त्यात काही नाही.

तरीही कप्तानाने बंदराला नकार देणं ही तक्रारीची गोष्ट होऊ नये. मार्च २०१९मध्ये ‘व्हायकिंग स्काय’ नॉर्वेच्या हुस्टाडविका या बदनाम पट्ट्यातून वादळात जात होतं. इंजिनांतलं वंगण तेल कमी होतं. हेलकाव्यांत पुरवठा तुटला, सगळी इंजिनं बंद पडली आणि जहाज खडकांच्या दिशेने वाहू लागलं. जहाजावर १,३७३ माणसं होती. त्यांतल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. इंजिनं पुन्हा चालू झाली म्हणून बाकीचे वाचले. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ऐन पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी बोट सोडायला कुणी नकार दिला असता तर धक्क्यावर लोक चिडले असते, आणि घरी परतले असते.

नियमांचा काच मात्र दोन्ही बाजूंनी सारखा बसत नाही. जहाज चार तास उशिरा आलं तर ‘परिस्थिती’. प्रवासी अर्धा तास उशिरा आला तर जहाज निघून जातं. मार्च २०२४मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं होतं, तरी कप्तानाने त्यांना घेतलं नाही. त्यांत वयस्क होते, एक गरोदर होती. त्यांचे पासपोर्ट किनाऱ्यावर पाठवले गेले. गॅम्बियात जहाज गाठायला ते विमानं बदलत निघाले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलला जाऊन त्यांनी ते गाठलं. वेळेवर परतणं प्रवाशाचं काम, हे कंपनीचं म्हणणं खरंच आहे. पण जहाज समोर दिसत असताना त्या माणसांना परक्या बेटावर ठेवून जाणं, हे कुठल्याही खलाशी परंपरेत बसणारं नाही.

बंदरांवरचा राग निघतो तो मात्र समोर दिसणाऱ्या माणसावर, आणि तो बहुतेक वेळा जेवण वाढणारा किंवा खोली आवरणारा असतो. तो गोव्यातल्या सासष्टीचा, बार्देशचा असू शकतो. गोव्यात जहाजावर जाणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे आणि तिथे त्यांना तारवटी म्हणतात. मुंबई-वसईचाही असतो, रत्नागिरीचाही. सहा ते नऊ महिन्यांचा करार, त्यात पूर्ण सुट्टीचा दिवस नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. उलट मोजलं तर आठवड्याला नव्वद तासांच्या आसपास काम बसवता येतं.

फेरी बदलण्याचा दिवस पाहिला की हे कळतं. सिएटलला जहाज पहाटे लागतं. आदल्या रात्री रंगीत चिठ्ठ्या लावून बाहेर ठेवलेल्या बॅगा खाली गेलेल्या असतात. साडेसातपासून माणसं उतरायला लागतात, दहापर्यंत जहाज रिकामं करायचं असतं, आणि अकरा-साडेअकराला नवी माणसं चढू लागतात. मधल्या वेळात एका माणसाला वीसेक खोल्या: चादरी, अभ्रे, टॉवेल काढायचे, न्हाणीघर धुवायचं, केस नि वाळू झाडायची, नव्या माणसाच्या नावाचं कार्ड दारात लावायचं. ‘दीड वाजेपर्यंत खोली का देत नाही?’ असं बारा वाजता विचारणाऱ्याला हे दिसत नाही, कारण ते दिसू नये अशीच व्यवस्था असते.

टिप हा दुसरा कळीचा मुद्दा. मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क खात्यात आपोआप लावतात. चार माणसांच्या कुटुंबाला सात रात्रींचे पाचशेच्या आसपास डॉलर होतात, आणि जाहिरातीतल्या भाड्यात ते धरलेले नसतात. हिशेब पाहून चिडलेली काही मंडळी काउंटरवर जाऊन ते शुल्क काढून टाकायला सांगतात. फसवलं गेल्याची त्यांची भावना खरी आहे; भाड्यातच ही रक्कम धरून जाहिरात केली तर हा प्रश्नच उरणार नाही. पण ते काढल्यावर कमी होतो तो कर्मचाऱ्यांचा वाटा, कंपनीचा नाही. एवढं असूनही याच माणसांकडून मिळणारा जिव्हाळा हीच पुष्कळांची सहलीची मोठी आठवण असते. शाकाहारी मंडळींनी पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात टेबलावर येतो, आणि वाढणारा आपल्याकडचा असला तर न मागता बशीत हिरवी मिरचीही येते.

एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे हीच माणसं समुद्रावर अडकली. ‘मरेला डिस्कव्हरी’ने प्रवासी थायलंडला उतरवले, पण जहाजावरच्या दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत पाय ठेवायला २३ एप्रिल उजाडावा लागला. कितीतरी गोवेकर त्यांत होते.

आता हा व्यवसाय मुंबईच्या दारात आलाय. इंदिरा गोदीजवळच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालं. एका वेळी पाच जहाजं लागू शकतील आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता येतील अशी त्याची योजना आहे. त्याआधी वर्षभर ‘क्रूझ भारत मिशन’ मुंबईतच जाहीर झालं. आपल्याकडचा आजवरचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव घेऊन ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली ‘आंग्रिया’ कोविडमध्ये थांबली. २०१९मध्ये आलेलं ‘कर्णिका’ दीड वर्षात लिलावात निघून अलंगला भंगारात गेलं. जून २०२२मध्ये चेन्नईहून निघालेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाला पुदुचेरीचा थांबा होता. जहाजावरच्या कॅसिनोवरून वाद पेटला, प्रशासनाने परवानगी नाकारली आणि प्रवाशांना उतरवल्याशिवाय जहाज मागे फिरलं. ही परवानगी तिकिटं विकण्याआधी हातात असायला हवी होती. वारा कुणाच्या हातात नसतो, कागद असतो.

लक्षद्वीपची अडचण सँटोरिनीसारखीच आहे. मोठं जहाज धक्क्याला लागेल इतकं खोल बंदर तिथल्या बेटांना नाही. लहान बोटीत उतरून किनारा गाठायचा. कोकणच्या जुन्या बोटींचे प्रवासी हे पुरतं ओळखून होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट कित्येक बंदरांत खोल पाण्यात थांबायची आणि पडाव येऊन माणसं, ट्रंका, करंड्या उतरवून न्यायचे. समुद्र तापला की पडाव बोटीला लागायचे नाहीत. जाणाऱ्याला घर गाठायचं असायचं आणि धोका ठाऊक असायचा, कारण तो त्याच्या गावचाच समुद्र होता. आज नागपूरहून, लातूरहून पहिल्यांदा समुद्र पाहायला येणाऱ्या कुटुंबाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. मुंबईत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वेळापत्रकात अशा थांब्यापुढे ‘लहान बोटीने उतरावं लागेल, हवामानानुसार रद्द होऊ शकतं’ हे तिकिटाच्या किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीतही छापायला काहीच हरकत नाही. चढउतार करू न शकणाऱ्या आजीला घरी असतानाच ठरवता येईल.

निदान भारतात तिकीट काढणाऱ्याची स्थिती शूट दांपत्यापेक्षा बरी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना या कायद्यात पहिल्यांदा आली आणि एकतर्फी अटींना राज्य आयोगापुढे आव्हान देता येतं. तिकीट घेताना पाहिलेल्या जाहिरातीचं चित्र, बदल कळवणारा ईमेल आणि तो आल्याची वेळ, जहाजावर रोज मिळणारं छापील वेळापत्रक, खात्याचा अंतिम हिशेब, एवढे कागद जपून ठेवले तर बंदर हवेने चुकलं की परवानगीच्या घोळाने, हे आयोगापुढे दाखवता येतं.